पौषातलं लग्न, भटजीविना: ऑक्टोबर ते फेब्रुवारीच्या नोंदी

मी बेळगावच्या वडगावची, तो गडहिंग्लज तालुक्यातला. एक कर्नाटकातली, एक महाराष्ट्रातला, जातीही वेगळ्या, आणि लग्न सत्यशोधक पद्धतीनं, म्हणजे जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाच्या रीतीनं, करायचं. या भागात असं लग्न लावणारे विधिकर्ते आहेत, पण नेमकं काय-काय करावं लागतं हे फोनवर तुकड्यातुकड्यांत कळतं. म्हणून जे झालं ते तारखेनिशी लिहून ठेवलं आहे.

१३ ऑक्टोबर २०२४, रविवार

काल दसरा झाला, आज निपाणीला विधिकर्त्यांच्या घरी. निवृत्त शिक्षक आहेत, सगळे 'सर'च म्हणतात. आम्हाला वाटलेलं, मंगलाष्टकांचा कागद दाखवतील आणि तारीख विचारतील. सरांनी वही काढली आणि प्रश्न सुरू केले. दाखल्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव एकच आहे का? लग्नानंतर राहणार कुठं? घरी कोण 'नको' म्हणतंय?

शेवटच्या प्रश्नाला आम्ही तीन नावं सांगितली: माझी आज्जी, माझे काका आणि त्याचे वडील. सरांनी ती एकाखाली एक लिहिली आणि पुढं मोकळी जागा सोडली. "ह्या तिघांना विधीत काय काम द्यायचं ते ह्या जागेत लिहायचं. काम मिळालं की माणूस भांडत नाही."

त्यांच्याकडून 'नाही' असलेल्या गोष्टी चारच: हुंडा, मानपान, कन्यादान, मुहूर्त. "ह्यातलं एक जरी पाहिजे असलं तर भटजी बोलवा, मला राग नाही." बाकी सगळं बोलून ठरवता येतं. मानधन घेत नाहीत, येण्याजाण्याचं पेट्रोल फक्त.

आणखी एक केलं त्यांनी. त्याला सोप्यात बसवलं आणि मला आत मॅडमकडं पाठवलं. मॅडमनी चहा ठेवता ठेवता विचारलं, तुझ्या मनानं करतेस की त्याचं खूळ आहे म्हणून? बाहेर त्याला हाच प्रश्न उलटा विचारला गेला. दोघांशी वेगवेगळं बोलल्याशिवाय ते तारीख देतच नाहीत.

२७ ऑक्टोबर, रविवार

आजचा सगळा वेळ कायद्यात गेला. कंटाळवाणं आहे, पण हे वगळून पुढं जाऊ नका.

आमचा बेत साधा होता: स्टेजवर सत्यशोधक विधी आणि नंतर हिंदू विवाह कायद्याखाली नोंदणी. सरांनी थांबवलं. १९५५ च्या त्या कायद्यात लग्न लागतं ते दोघांपैकी एकाच्या रूढीतल्या विधीनं, नोंदणीनं नव्हे. याच एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टानं हे पुन्हा स्पष्ट केलं: विधी झालेलेच नसतील तर नुसत्या प्रमाणपत्रावर ते लग्न उभं राहत नाही. तमिळनाडूनं १९६७ साली पुरोहिताशिवायच्या स्वाभिमान विवाहांसाठी कायद्यात वेगळं कलमच घातलं. आपल्याकडं तसं नाही. सत्यशोधक लग्नं १८७३ पासून लागताहेत, पण उद्या कुणी कोर्टात गेलंच तर रूढी सिद्ध करत बसायची पाळी तुमच्यावर.

म्हणून सरांचा आग्रह १९५४ च्या विशेष विवाह कायद्याचा. त्यात विधी कुठलाही चालतो. अटी अशा: दोघांपैकी एक जण त्या जिल्ह्यात आधीचे किमान तीस दिवस राहत असला पाहिजे. विवाह अधिकाऱ्याकडं नोटीस द्यायची, ती त्यांच्या कार्यालयाच्या फलकावर लागते. तीस दिवसांत वैध हरकत आली नाही तर तीन साक्षीदारांसमोर लग्न. नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्याचा कायमचा पत्ता त्या हद्दीबाहेरचा असेल तर नोटिशीची प्रत त्याच्या जिल्ह्यातही जाऊन लागते, म्हणजे आमच्या बाबतीत कोल्हापूरला.

नावं-पत्ते असे फलकावर लागतात, तेही दोन राज्यांत. आमच्या घरी माहीत होतं म्हणून निभावलं. ज्यांच्या घरून जिवाला धोका आहे त्यांनी आधी वकिलाशी बोलावं.

तारीख ठरली २६ जानेवारी, रविवार. संविधान लागू झाल्याचा दिवस म्हणून सर खूश. पंचांगात तो पौष निघाला.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

काही झालं नाही. सीमाभागातल्या मराठी माणसांचा काळा दिवस, कर्नाटकाचा राज्योत्सव आणि लक्ष्मीपूजन सगळं एकाच दिवशी. काका फेरीत, निम्मं शहर बंद. सुट्टी आहे म्हणून कागद झेरॉक्स करायला निघाले होते, कोपऱ्यावरून परत आले.

११ नोव्हेंबर, सोमवार

हॉल मिळाला. मार्गशीर्षातल्या तारखेला सत्तर हजार सांगणाऱ्या मालकांनी पौष म्हटल्यावर चाळीसवर आणलं. वर विचारलं, "घरात सगळं बरं हाय न्हवं?" पौषात लग्न म्हणजे काहीतरी लपवायचं असणार, असा अंदाज. आचारीही स्वस्त पडला. मुहूर्त सोडल्याचा पहिला फायदा रोख मिळाला.

२४ नोव्हेंबर, रविवार

सर वडगावला आले. बैठक गेल्या रविवारीच व्हायची होती, पण २० तारखेला महाराष्ट्रात मतदान, तिकडची सगळी माणसं प्रचारात. निकाल काल लागला, आज सगळे रिकामे.

आज्जीनं सुरुवात केली. "देवक न्हाई, अक्षता न्हाईत, आंतरपाट न्हाई. मग लगीन लागलं ते कळायचं कसं?"

सर म्हणाले, "आज्जी, तुम्ही सांगायचं. शपथा झाल्या की माईक तुमच्या हातात. तुम्ही 'लागलं' म्हटल्याशिवाय कुणी टाळी वाजवायची नाही."

आज्जी गप्प. थोड्या वेळानं, "माईक जड असतोय काय?"

देवकाचा तोडगा असा निघाला की आदल्या दिवशी घरात काय करायचं ते घरचे करतील. सर म्हणाले, तुमच्या देव्हाऱ्यात मी डोकावणार नाही, तुम्ही तो मांडवात आणू नका. यल्लम्माची ओटीही आधीच भरून घ्यायची ठरली. काही कडक कार्यकर्त्यांना हे पटणार नाही. मला पटलं, कारण आज्जी ब्याऐंशी वर्षांची आहे आणि मला ती पहिल्या रांगेत हवी होती.

त्याच्या वडिलांची शंका निराळीच निघाली. गावात कुणीतरी सांगितलेलं, ह्या कायद्याखाली लग्न केलं की पोरगा एकत्र कुटुंबातून बाद होतो, जमिनीचा हिस्सा तुटतो. ते विधीच्या विरोधात नव्हतेच, दोन एकर उसाच्या काळजीत होते आणि विचारायला लाजत होते. सरांनी पुस्तक सोबतच आणलेलं. तसं कलम आहे खरं, एकोणिसावं. पण १९७६ च्या दुरुस्तीनं २१-अ कलम आलं: दोघंही हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन असतील तर ते लागू होत नाही. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि मग जेवायला बसले. त्यांच्या नावापुढं सरांनी लिहिलं: दोन्ही वडिलांनी मिळून स्टेजवर जाहीर करायचं की देणंघेणं काही झालेलं नाही.

काका राहिले. काका महाराष्ट्र एकीकरण समितीचे जुने कार्यकर्ते. त्यांचा राग पत्रिकेवर, कारण मागच्या बाजूला कन्नड मजकूर घ्यायचं बाबांनी ठरवलेलं. बाबांची तीस वर्षं उद्यमबागेतल्या फाउंड्रीत गेली, त्यांचे निम्मे दोस्त कन्नड. काका म्हणाले, बाहेर कन्नडची सक्ती कमी आहे म्हणून घरात आणताय? यावर सरांचंही काही चाललं नाही. त्यांनी मोकळी जागा मोकळीच ठेवली आणि साडेचारला निघाले.

९ डिसेंबर, सोमवार

नोटीस आज द्यायची होती. सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन आजपासून. समितीच्या महामेळाव्याला परवानगी नाही, सगळीकडं बंदोबस्त, सीमेवर गाड्यांची तपासणी. तो शिनोळीच्या बाजूनं यायचा म्हणत होता, मीच नको म्हटलं. काका दिवसभर तिकडंच अडकलेले.

रात्री उशिरा परत आले आणि जेवताना स्वतःहून म्हणाले, पत्रिकेवर काय छापायचं ते छापा, पण स्टेजवरच्या शपथा मराठीतच. त्या मराठीतच होणार होत्या. आम्ही कुणी तोंड उघडलं नाही. सरांना फोन केला, त्यांनी मोकळ्या जागेत लिहिलं: संविधानाची उद्देशिका, मराठीत काका, कन्नडमध्ये बाबांचे फाउंड्रीतले मित्र.

१६ डिसेंबर, सोमवार

कागद परत. माझ्या आधारवर वडिलांचं नाव मध्ये आहे, शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी. त्याच्या आधारवर आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग एका अक्षरानं वेगळं आणि दाखला पूर्ण मराठीत. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं ई-स्टॅम्प कागदावर प्रतिज्ञापत्र, दाखल्याचं इंग्रजी भाषांतर, त्यावर नोटरी. सगळं मिळून अठराशे रुपये आणि दोघांची एकेक रजा. सरांनी पहिल्याच दिवशी नावं तपासायला सांगितली होती. आम्ही 'तेवढं चालतं' म्हणून सोडलेलं.

१९ डिसेंबर, गुरुवार

नोटीस फलकावर लागली. सरांची सूचना: दिवस मोजायचे ते फलकावर लागल्यापासून, आपण अर्ज दिल्यापासून नाही. आणि ती तारीख विचारून लिहून घ्यायची. म्हणजे १८ जानेवारीला मुदत संपते. २६ ला सुट्टी, म्हणून कार्यालयातलं लग्न २४ ला, शुक्रवारी. मध्ये आठवडाही हाताशी नाही.

२७ डिसेंबर, शुक्रवार

प्रत कोल्हापूरला गेली का ते विचारायला निघाले तर कार्यालय बंद. काल रात्री मनमोहन सिंग गेले, आज राज्यात सुट्टी. काँग्रेसच्या शताब्दी अधिवेशनासाठी सजवलेल्या शहरात कमानी तशाच उभ्या आणि रस्ते सुने. सोमवारी त्यानं कोल्हापुरात जाऊन स्वतः फलक बघितला. आमची नावं होती. फोटो पाठवला, खाली लिहिलं, "प्रसिद्ध झालो."

५ जानेवारी २०२५, रविवार

निपाणी. आजच्या दिवसाबद्दल सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात जास्त काम इथंच झालं.

सत्यशोधक विधीत जोतीराव फुल्यांनी लिहिलेल्या मंगलाष्टका आहेत. त्यात वधू आणि वर आळीपाळीनं बोलतात. ती हक्क मागते, तो ते द्यायची शपथ घेतो. त्या आहेत तशाच म्हणायच्या. त्याखेरीज दोघांनी स्वतःच्या शब्दांत शपथ लिहून आणायची, हा सरांचा नियम. आम्ही दोघांनी एकेक पान आणलेलं. छान झालंय असं वाटत होतं.

सरांनी लाल पेन काढला. पहिली ओळ, 'सुखदुःखात साथ देईन.' काट. "सुखात कोण साथ सोडतंय?" दुसरी, 'तुझ्या स्वप्नांचा आदर करीन.' काट. "म्हणजे काय करणार?" तिसऱ्या ओळीला त्यानं पान मागंच घेतलं.

मग म्हणाले, सकाळी सहा ते रात्री दहा एक दिवस डोळ्यांसमोर आणा आणि कोण काय करणार ते लिहा. भाकरी कोण करणार? पगार कुठं जमा होणार? तुझ्या आईला दवाखान्यात न्यायचं असेल आणि हिची परीक्षा असेल तर रजा कोण टाकणार?

लिहायला बसलो आणि पहिल्याच ओळीला अडलो: सहाला उठायचं कुठल्या घरात? माझी नोकरी बेळगावात, त्याची गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत. मी धरून चालले होते की तो बेळगावात बदलीचं बघेल, त्यानं धरलेलं की मी कोल्हापुरात शोधेन. तीन वर्षांची ओळख, पण हा विषय दोघांनीही बाजूला ठेवलेला. तिथंच, सरांच्या सोप्यात, भांडण झालं. सर उठून मागच्या परसात गेले आणि भांडण संपेपर्यंत आले नाहीत.

संकेश्वर ठरलं. हायवेवर साधारण मध्ये, दोघांनाही बस, गडहिंग्लज जवळ. वर्षभर तिथं भाड्यानं राहायचं, मग पुन्हा बोलायचं. हे शपथेत तसंच लिहिलं, 'मग पुन्हा बोलू' यासकट. बाकीच्या ओळी अशा आल्या:

'पगार ज्याचा त्याच्या खात्यात. घरखर्चाचं खातं दोघांचं.'

'दोन्ही घरच्या म्हाताऱ्या माणसांचं औषधपाणी दोघांनी बघायचं.'

'भाकरी मी शिकेन.' (ही त्याची.)

'मी माझं नाव बदलणार नाही आणि त्यावरून कुणी टोचलं तर उत्तर तो देईल.'

शपथ म्हणून वाचायला अगदी रुक्ष. पण यातली प्रत्येक ओळ मोडली तर मोडली हे कळतं.

१२ जानेवारी, रविवार

हॉलवर तालीम. दोन गोष्टी बदलल्या. हार आधी घातले की लोक लग्न झालं समजून पंगतीकडं पळतात, हा सरांचा अनुभव. म्हणून हार सगळ्यात शेवटी, आज्जीच्या 'लागलं'नंतर. आणि तांदळाऐवजी पाकळ्या, त्या माणसागणिक पुडीत बांधून. टोपलीत ठेवल्या तर पुढच्या रांगाच संपवतात.

संध्याकाळी मामा येणार नाहीत असा निरोप आला. मुलीला मांडवात आणायचा मान मामाचा, आणि सरांच्या विधीत मुलगी आपली आपण चालत येते. मामा कधी 'नको' म्हणाले नव्हते, म्हणून त्यांचं नाव यादीतच नव्हतं. आई रडायला लागली. सरांनी फोनवर मामांना सांगितलं, "स्टेजवरचं राहू दे, सरकारी पुस्तकात पहिली सही तुमची घ्यायची म्हणतोय." कार्यालयातले तीन साक्षीदार आम्ही मित्रांतून धरलेले, त्यातला एक वगळला. मामा यायला तयार झाले. यादी करताना घरात गप्प कोण आहे तेही बघा.

२४ जानेवारी, शुक्रवार

हरकत आलेली नाही. सकाळी अकराला कार्यालयात. घोषणापत्रावर आम्हा दोघांच्या आणि तीन साक्षीदारांच्या सह्या. मामांनी नवा शर्ट घातलेला, सही करायच्या आधी पेन झेरॉक्सच्या पाठीवर चालवून बघितलं.

या कायद्यात एक वाक्य दोघांनी एकमेकांना म्हणावंच लागतं, अधिकारी आणि साक्षीदारांसमोर. त्याशिवाय लग्न पुरं होत नाही. भाषा दोघांना समजणारी कुठलीही चालते, कायद्यातच तसं लिहिलंय. सरांनी त्या पानाची प्रत पेन्सिलनं खूण करून आमच्याजवळ दिलेली. काढायची वेळ आली नाही. अधिकारी "हेळ्री" (म्हणा) म्हणाले, आम्ही मराठीत म्हटलं, "मी तुला माझी कायदेशीर पत्नी म्हणून स्वीकारतो," "मी तुला माझा कायदेशीर पती म्हणून स्वीकारते." पुढच्या जोडप्याला आत बोलावलं गेलं. बाहेर येऊन चहा प्यायलो.

कायद्यानं लग्न आज झालं, पण घरात रविवारपर्यंत कुणी मानायला तयार नव्हतं. आईनं मला आज्जीशेजारीच झोपवलं.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदनानंतर साडेअकराला सुरू. पौषात हॉल स्वस्त पडतो, पण २६ जानेवारीला शहरातला एकेक स्पीकरवाला शाळा आणि मंडळांनी धरलेला असतो. आमचा साडेदहाला येतो म्हणाला, सव्वाअकराला आला, दुप्पट पैसे घेऊन आणि एकच माईक घेऊन. लग्नात माईक भटजीला एकच लागतो, असा त्याचा हिशेब. शपथा आळीपाळीच्या, त्यामुळं माईक इकडून तिकडं देताना प्रत्येक ओळीचा पहिला शब्द गळत होता. सर मध्ये उभे राहून माईक दोघांच्या तोंडाशी धरू लागले, मग नीट झालं. दोन माईक आधी लिहून घ्या.

काकांनी उद्देशिका वाचली, 'आम्ही भारताचे लोक'ला आवाज चढला. त्यांच्या शेजारी बाबांच्या मित्रांनी तीच कन्नडमध्ये वाचली. काकांनी शेवटी टाळी वाजवली, थोडी उशिरा. दोन्ही वडिलांनी देणंघेणं नाही असं सांगितलं. 'भाकरी मी शिकेन'ला बायकांच्या बाजूनं इतका गलका झाला की पुढची ओळ परत म्हणावी लागली.

आज्जीला माईक दिला. ती सरळ "लागलं" म्हणेल असं वाटलेलं. तिनं आधी त्याला विचारलं, "समदं ध्यानात हाय न्हवं?" तो हो म्हणाला, मग म्हणाली, "लागलं बघा."

ताशावाल्यांना हे इशाऱ्याचं वाक्य कुणी सांगितलं नव्हतं. ते 'सावधान'ची वाट बघत बसले. हार घालून झाल्यावर वाजायला लागले.

हुग्गी (गव्हाची खीर) पुरली, मसालेभात उरला.

९ फेब्रुवारी, रविवार

खर्च, साधारण: हॉल चाळीस हजार, जेवण साडेतीनशे पानांचं त्रेसष्ट हजार, पत्रिका आठ हजार, पाकळ्या आणि हार साडेचार, ताशा सहा, स्पीकर सात (निम्मे रागाचे), कागदपत्रं अठराशे. कार्यालयातली फी किरकोळ. सरांनी पेट्रोलचे बाराशे घेतले आणि आहेराचं पाकीट उघडायच्या आधी परत केलं.

प्रमाणपत्राच्या जादा प्रती लगेच काढून ठेवल्या. बँक, घरभाड्याचा करार, त्याच्या कंपनीतला विमा, तिन्ही ठिकाणी लागल्या. संकेश्वरचं घर मिळालं, दुसरा मजला, पाणी दिवसाआड. भाकरी अजून गोल होत नाही, पण फुगते.